पोटात ठेवायचं की सांगायचं?

पातळी ५ : वाचन आणि चर्चा
विषय : मित्राच्या मनाला आधार

वाचण्यापूर्वी

वर्गात किंवा घरी यावर दोन मिनिटं बोला.

१. तुमचं काही बिनसलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला सांगता?
२. तुम्ही आजीला म्हणालात, "मला बरं वाटत नाही," तर तिला काय वाटेल? ताप आलाय, की मन उदास आहे?
३. तुम्ही कधी कोणाचं गुपित 'पोटात ठेवलं' आहे का? (गुपित सांगू नका. फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणा.)

भाग १ : रात्री साडेदहाचा मेसेज

समजा, रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. उद्या गणिताची परीक्षा आहे. तुम्ही फोन बाजूला ठेवणार, इतक्यात मैत्रिणीचा मेसेज येतो.

"जागी आहेस का? मला आता हे सगळं नकोसं झालंय. प्लीज, कोणाला सांगू नकोस."

तुमच्या पोटात गोळा येतो. काय उत्तर द्यायचं? ती गंमत करते आहे, की खरंच म्हणते आहे? आईला उठवायचं का? पण ती तर म्हणाली, कोणाला सांगू नकोस.

मराठीत गुपित 'पोटात ठेवतात'. "त्याच्या पोटात काही राहत नाही," असं आपण म्हणतो, तेव्हा ते कौतुक नसतं. तो माणूस सगळीकडे बोलत सुटतो, असा त्याचा अर्थ असतो. म्हणजे चांगला मित्र तो, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. बहुतेक वेळा हे खरंच आहे. कोणाला कोण आवडतं, कोणाला किती मार्क मिळाले, कोणाच्या घरी काल भांडण झालं, या गोष्टी पोटातच राहू द्याव्यात.

पण काही गोष्टी पोटात ठेवल्या, तर सांगणाऱ्याला मदत मिळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही झोप लागत नाही. मग कोणती गोष्ट ठेवायची आणि कोणती सांगायची? हाच आपल्या पाठाचा प्रश्न आहे.

भाग २ : आधी मित्र, मग मोठी माणसं

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की १० ते १९ वर्षं वयाच्या मुलामुलींमध्ये साधारण सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. तुमच्या शाळेच्या वर्गात २८ मुलं असतील, तर हिशोब करून पाहा. चार जण. त्यांतल्या एखाद्याच्या शेजारी तुम्ही रोज बसत असाल. कदाचित त्या चौघांत तुम्हीच असाल.

या वयात मुलं मनातलं बोलतात, ते बहुतेक वेळा मित्राशी. ते साहजिक आहे. मित्र त्याच वर्गात असतो, तेच टोमणे ऐकतो, त्याच ग्रुप चॅटमध्ये असतो. त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

मोठ्यांना सांगणं का अवघड जातं? आपल्या घरांमध्ये त्याची काही ओळखीची कारणं आहेत. आई-बाबांनी इतक्या लांब येऊन आपल्यासाठी कष्ट केले, मग आपण कुरकुर कशी करायची, असं वाटतं. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न असतो. शनिवारी सगळी मराठी मंडळी एकत्र जेवायला भेटतात, तिथे ही गोष्ट पसरली तर?

आणखी एक कारण आहे, ते कोणी फारसं बोलून दाखवत नाही. शब्दच सापडत नाहीत. शाळेत तुम्ही इंग्रजीत विचार करता. 'अँग्झायटी' हा शब्द तुम्हाला माहीत असतो. पण आजी फोनवर विचारते, "काय रे, आवाज असा का येतोय?" तेव्हा मराठीत काय सांगायचं? मग आपण म्हणतो, "काही नाही," आणि विषय संपतो. म्हणून या पाठात आपण शब्दही शिकणार आहोत.

मुलं आधी मित्राकडेच जातात, हे शाळांच्याही लक्षात आलं. मग त्या मित्रालाच थोडं शिकवलं तर? यातून समवयस्क आधाराचे कार्यक्रम सुरू झाले. 'सम' म्हणजे सारखं आणि 'वयस्क' म्हणजे वयाचा. समवयस्क म्हणजे आपल्याच वयाचा. अशा कार्यक्रमात काही मुलांना प्रशिक्षण देतात आणि त्यांच्या मागे मोठी माणसं उभी असतात. ही मुलं डॉक्टर नसतात, समुपदेशकही नसतात. त्यांचं काम पुलासारखं असतं. एका टोकाला अडचणीत असलेला मित्र आणि दुसऱ्या टोकाला मदत करू शकणारं मोठं माणूस.

भाग ३ : नॉर्थ डकोटातलं चाक

अमेरिकेत 'सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ' नावाचा एक कार्यक्रम अनेक शाळांमध्ये चालतो. या नावाचा अर्थ 'बळाचे स्रोत'. मार्क लोमरे यांनी तो १९९८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात सुरू केला.

या कार्यक्रमात फक्त पहिल्या नंबरची हुशार मुलं निवडत नाहीत. फुटबॉल खेळणारी, नाटकात काम करणारी, मागच्या बाकावर गप्प बसणारी, अशा वेगवेगळ्या गटांतली मुलं घेतात. कारण सोपं आहे. प्रत्येक मूल आपल्याच गटातल्या मित्राचं ऐकतं.

या मुलांना एक चाक दाखवतात. त्या चाकाचे आठ भाग असतात : कुटुंबाचा आधार, चांगले मित्र, मार्ग दाखवणारी मोठी माणसं, आनंद देणारे छंद आणि खेळ, दुसऱ्यासाठी काही करणं, श्रद्धा किंवा मनाला शांत करणारी गोष्ट, शरीराचं आरोग्य आणि मनाचं आरोग्य. वाईट दिवस आला, की या आठांपैकी कोणत्या गोष्टीचा हात धरता येईल, हे मुलं आधीच शोधून ठेवतात. एक भाग कमजोर असला, तरी बाकीचे भाग आपल्याला तोलून धरतात.

याचा उपयोग होतो का? संशोधकांनी १८ माध्यमिक शाळांमध्ये हे तपासलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. मोठ्या शाळांमध्ये, प्रशिक्षण घेतलेल्या मुलांनी जीव द्यायचे विचार करणाऱ्या मित्राची गोष्ट मोठ्या माणसापर्यंत नेण्याची शक्यता इतरांच्या चौपट होती. आणखी एक बदल दिसला. 'मोठी माणसं मदत करतील' हा विश्वास शाळेतल्या बाकीच्या मुलांमध्येही वाढला. तो सगळ्यात जास्त कोणात वाढला? ज्यांच्या मनात असे विचार पूर्वी येऊन गेले होते, त्यांच्यात. ज्यांना गरज होती, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली.

भाग ४ : मनाचा प्रथमोपचार

गुडघा फुटला तर काय करायचं, हे तुम्हाला माहीत आहे. धुवायचं, औषध लावायचं, पट्टी बांधायची. जखम मोठी असेल तर डॉक्टरकडे जायचं. याला प्रथमोपचार म्हणतात. मग मनाला लागलं तर?

बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या ऑस्ट्रेलियातल्या पती-पत्नींना हाच प्रश्न पडला. बेटींनी स्वतः नैराश्याचा त्रास सोसला होता. २००० मध्ये दोघांनी मनाच्या प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. पुढे किशोरवयीन मुलांसाठी वेगळा वर्ग तयार झाला आणि आता तो अमेरिकेतल्या शाळांमध्येही शिकवतात. त्यातल्या पायऱ्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत.

१. बघा. मित्र बदललाय का? एकटा जेवतो, खेळायला येत नाही, चिडचिड करतो, झोप नाही, हसणं नाही?
२. विचारा. "काय झालंय? मला तुझी काळजी वाटते."
३. ऐका. मध्ये बोलू नका. "त्यात काय एवढं!" असं तर मुळीच म्हणू नका.
४. मोठ्या माणसाशी जोडून द्या. आई-बाबा, मावशी, शिक्षक, शाळेतले समुपदेशक, कोणीही विश्वासाचं.
५. मैत्री सोडू नका. मदत मिळाली, म्हणून तुमचं काम संपलं नाही. पूर्वीसारखंच खेळा, हसा, चिडवा.

दुसऱ्या पायरीवर बरेच जण अडखळतात. "मी 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारलं आणि तिच्या डोक्यात तो विचार माझ्यामुळेच आला तर?" ही भीती अनेकांना वाटते. पण तज्ज्ञ सांगतात, की सरळ आणि शांतपणे विचारल्याने असा विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

भाग ५ : उगाळत बसू नका

देवघरात सहाणेवर चंदन उगाळताना तुम्ही पाहिलं असेल. तेच खोड, तोच दगड, गोल गोल, पुन्हा पुन्हा. कोणी एकच विषय सारखा काढत राहिलं, की मराठीत म्हणतात, "किती उगाळतोस तेच तेच!"

दोन जिवलग मित्र रोज एकच दुःख उगाळत बसले, तर काय होतं? अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातल्या अमांडा रोज यांनी याचा अभ्यास केला. २००२ मध्ये त्यांनी या सवयीला 'को-रुमिनेशन' असं नाव दिलं. गाय चारा पुन्हा तोंडात आणून चघळते, त्याला आपण रवंथ म्हणतो. हा तसाच, पण दोघांनी मिळून केलेला रवंथ! त्यांना दिसलं, की अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते. पण २००७ च्या अभ्यासात हेही दिसलं, की मुलींच्या बाबतीत त्यासोबत उदासी आणि चिंताही वाढते.

मग बोलायचंच नाही का? तसं नाही. मन मोकळं करणं चांगलंच. पण ऐकून झाल्यावर एक छोटा प्रश्न विचारा : "मग आता आपण काय करूया?" फिरायला जाऊया, बास्केटबॉल खेळूया, की उद्या सरांना भेटूया? इथूनच उगाळणं थांबतं आणि आधार सुरू होतो.

आणि तुमचं काय? रोज रात्री बारापर्यंत मित्राला धीर देऊन तुम्हीच थकलात, तर तेही मोठ्यांना सांगा. तुम्ही मित्र आहात, रुग्णवाहिका नाही.

भाग ६ : भारतातले साथिया

तुमच्या भारतातल्या चुलत-मामे भावंडांसाठीही अशी योजना आहे. भारत सरकारने जानेवारी २०१४ मध्ये 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला. तो १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे आणि मनाचं आरोग्य हा त्याच्या सहा मुख्य विषयांपैकी एक आहे. यात गावातल्याच मुलामुलींना प्रशिक्षण देतात. त्यांना 'साथिया' म्हणतात.

गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आहेत आणि मदत हवी असणारे खूप, म्हणून साध्या माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत आधार द्यायचा, ही त्यांची पद्धत जगभर ओळखली जाते.

भाग ७ : संवाद

आता साडेदहाच्या मेसेजकडे परत जाऊ. हा संवाद कल्पित आहे. दोघींनी मोठ्याने वाचा.

(फोनवर, मेसेज)

ईशा : जागीच आहे. काय झालं गं?
तन्वी : काही नाही. जाऊ दे.
ईशा : जाऊ दे कसं? दोन आठवडे झाले, तू जेवायला आमच्या टेबलावर येत नाहीस. मला दिसतंय.
तन्वी : कंटाळा आलाय सगळ्याचा.
ईशा : सरळ विचारते हं. जीव द्यायचे विचार येतात का?

(बराच वेळ उत्तर नाही.)

तन्वी : कधी कधी. पण प्रॉमिस कर, कोणाला सांगणार नाहीस.
ईशा : ते प्रॉमिस नाही करता येणार मला. वर्गात कोणाला कळणार नाही, हे नक्की. पण एका मोठ्या माणसाला मी आज रात्रीच सांगणार. तूच ठरव. तुझ्या आईला, की माझ्या?
तन्वी : माझ्या आईला नको. ती रडेल.
ईशा : मग मी माझ्या आईला उठवते. फोन चालू ठेव. मी कुठे जात नाहीये.

(आईच्या खोलीत)

ईशा : आई, उठ ना.
आई : काय गं? ताप आलाय का?
ईशा : मला नाही. तन्वीला बरं नाहीये. म्हणजे ताप नाही, मनातून बरं नाहीये. जीव द्यायचे विचार येतात म्हणाली.
आई : (उठून बसते) कधी म्हणाली?
ईशा : आत्ता. मी तिला सांगितलं, की मी तुला सांगणार. ती चिडेल माझ्यावर.
आई : चिडू दे. राग उतरतो. तू तिच्याशी बोलत राहा. मी तिच्या आईला फोन लावते.
ईशा : काय सांगशील?
आई : जे आहे तेच. "अहो, आधी तन्वीच्या खोलीत जा आणि तिच्याजवळ बसा. ओरडू नका, काही विचारू नका. नुसतं बसा. मी फोनवर आहे."

तन्वी खरंच चिडली. चार दिवस ती ईशाशी बोलली नाही. त्या चार दिवसांत ती आईबरोबर डॉक्टरांकडे गेली, शाळेतल्या समुपदेशकांना भेटली. ईशाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. आपण मैत्रीण गमावली, असंच तिला वाटत होतं. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी एक ट्रे आला.

"सरक जरा," तन्वी म्हणाली.

ईशा सरकली.

भाग ८ : हे मराठीत कसं सांगायचं?

मराठीत 'बरं वाटत नाही' म्हटलं, की समोरच्याला आधी ताप आठवतो. म्हणून थोडं नेमकं सांगा.

- मन कशातच रमत नाही.
- छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो.
- सगळ्यांमध्ये असूनही एकटं वाटतं.
- रात्री डोक्यातले विचार थांबत नाहीत.
- मनातल्या मनात घुसमट होते.
- आई, मला तुझ्याशी बोलायचंय. लगेच उपाय सांगू नकोस, आधी फक्त ऐक.

शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. ते फार उपयोगी आहे.

लगेच मदत हवी असेल तर

जीव धोक्यात आहे असं वाटलं, तर गुपित पोटात ठेवू नका. मित्राला एकटं सोडू नका आणि सकाळची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या माणसाला त्याच क्षणी सांगा.

- अमेरिका आणि कॅनडा : ९८८ (फोन किंवा मेसेज)
- ब्रिटन : चाइल्डलाइन, ०८०० ११११
- भारत : टेली-मानस, १४४१६ (मराठीतही बोलता येतं)
- इतर देशांत राहत असाल, तर तिथला नंबर आजच शिक्षकांना किंवा पालकांना विचारून इथे लिहा : ____________

शब्दार्थ

- बिनसणं : बिघडणं, मनासारखं न होणं
- पोटात गोळा येणं : खूप भीती वाटणं
- टोमणा : मनाला लागेल असं तिरकं बोलणं
- समुपदेशक : बोलून, ऐकून मदत करणारी प्रशिक्षित व्यक्ती, काउन्सेलर
- नैराश्य : दीर्घकाळ टिकणारी खोल उदासी, डिप्रेशन
- प्रथमोपचार : डॉक्टर येण्याआधी करायची मदत, फर्स्ट एड
- हायसं वाटणं : काळजी कमी होऊन मोकळं वाटणं
- सहाण : चंदन उगाळायचा दगड
- घुसमट : श्वास कोंडल्यासारखं वाटणं

समजलं का?

१. समवयस्क आधार देणारी मुलं 'पुलासारखी' असतात, असं का म्हटलं आहे?
२. नॉर्थ डकोटातल्या कार्यक्रमात वेगवेगळ्या गटांतली मुलं का निवडतात?
३. मन मोकळं करणं आणि उगाळत बसणं यांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत तीन वाक्यं लिहा.
४. ईशाने कोणतं वचन दिलं आणि कोणतं दिलं नाही?
५. ईशाने भाग ४ मधल्या पाचही पायऱ्या वापरल्या का? संवादातली वाक्यं शोधून प्रत्येक पायरीसमोर लिहा.

ठेवायचं की सांगायचं?

प्रत्येक वाक्यासमोर 'पोटात ठेवेन' किंवा 'मोठ्यांना सांगेन' लिहा. मग जोडीदाराशी चर्चा करा.

क. मित्राला नाटकात भाग घ्यायचा आहे, पण त्याला भीती वाटते.
ख. मैत्रीण स्वतःला इजा करून घेते.
ग. मित्राच्या आई-बाबांचं भांडण झालं. आता तो ठीक आहे.
घ. मित्राने त्याच्या आवडत्या सगळ्या वस्तू वाटून टाकल्या आणि "आता मला लागणार नाहीत" म्हणाला.

करून पाहा

कागदावर एक मोठं चाक काढा आणि त्याचे आठ भाग करा. भाग ३ वाचून प्रत्येक भागात तुमच्या आयुष्यातलं एक नाव किंवा एक गोष्ट लिहा. 'मार्ग दाखवणारी मोठी माणसं' या भागात निदान एक नाव असं हवं, ज्याला तुम्ही रात्री साडेदहा वाजताही उठवू शकाल. ते नाव सुचत नसेल, तर या आठवड्याचा गृहपाठ तोच : असं एक माणूस शोधा आणि त्याला विचारा, "गरज पडली तर तुला उठवू ना?"

शिक्षक आणि पालकांसाठी

मुलांना स्वतःचे किंवा मित्रांचे खरे अनुभव वर्गासमोर सांगायला लावू नये. चर्चा संवादातल्या ईशा आणि तन्वीबद्दलच ठेवावी. पाठानंतर एखादं मूल वेगळं बोलायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून आधी ऐकावं.